जावरच्या विझलेल्या भट्ट्या

गच्चीवरचे पत्रे, नळाचे जुने पाइप, न्हाणीघरातली बादली आणि टॉर्चमधला सेल, या साऱ्यांत एक धातू समान आहे. तो म्हणजे जस्त. देवघरातील समई आणि आजीच्या काळातील पितळी तपेलीही त्याच्याशिवाय घडली नसती; कारण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. (कल्हईला लागते ते कथील. तो धातू निराळा. पण या दोहोंची गल्लत पूर्वापार होत आली आहे. तिचा एक नामांकित बळी पुढे भेटेलच.) सोन्याचांदीसारखा मान जस्ताला कधी मिळाला नाही. मात्र हाच धातू दगडातून वेगळा काढण्यासाठी माणसाला सोने, तांबे, शिसे आणि लोखंड यांच्यापेक्षा कितीतरी अधिक काळ झगडावे लागले. आजवर सापडलेल्या पुराव्यानुसार तो मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत जगात सर्वप्रथम रुळली ती राजस्थानात, अरवलीच्या डोंगरांतील जावर या गावी.

उदयपूरहून अहमदाबादच्या दिशेने सुमारे ४० किलोमीटर गेल्यावर टीडी नदीच्या खोऱ्यात जावर लागते. भोवती मोचिया, बलारिया, जावरमाला आणि बरोई हे डोंगर आहेत. त्यांच्या माथ्यावर आणि उतारांवर जुन्या खाणींची तोंडे उघडी पडलेली दिसतात. कुठे अरुंद चिरा, कुठे माणूस जेमतेम सरपटत जाईल अशी भोके, तर कुठे आत प्रचंड दालने. खाली जुन्या वस्तीच्या परिसरात ढिगारेच ढिगारे आहेत. दुरून ते साध्या राखेचे किंवा मुरमाचे वाटतात. जवळ गेल्यावर लक्षात येते, की हा सारा ढीग मातीच्या नळकांड्यांचा आहे. ओंजळीएवढ्या जाडीच्या, एका टोकाला बंद आणि बाहेरून काचेसारख्या वितळलेल्या लाखो मुशी येथे पडून आहेत. अभ्यासकांच्या अंदाजानुसार या अवशेषांचे वजन सुमारे ६ लाख टन भरते. गावकऱ्यांनी विटांऐवजी याच मुशी रचून घरांच्या भिंती उभारल्या. पडक्या घरांच्या भिंतींतून त्यांची गोल तोंडे आजही बाहेर डोकावताना दिसतात.

इ. स. १८१२-१३च्या सुमारास हा सारा उद्योग थांबला. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे जावर ओसाड पडून होते. या ओसाडीच्या कथेत मराठी वाचकाला थोडे अवघडून टाकणारा एक धागा आहे. तो टाळून ही कथा सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

डोंगराच्या पोटात काय आहे?

अरवली ही जगातील अतिप्राचीन पर्वतरांगांपैकी एक. हिमालय तिच्यापुढे कालचे पोर. आज जेथे जावरचे डोंगर आहेत तेथे एके काळी समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडीयुक्त गाळातून डोलोमाइट हा खडक तयार झाला. त्याच्या जोडीला वाळूचे आणि चिखलाचे थरही होते. भूकवचाला पडलेल्या भेगांतून धातूंचे क्षार विरघळलेले उष्ण पाणी वर येत राहिले. गाळातील गंधकाशी गाठ पडताच त्यातील जस्त, शिसे आणि लोह सल्फाइडच्या रूपाने डोलोमाइटमध्ये स्थिरावले. शिशाच्या समस्थानिकांवरून या धातुकाचे वय सुमारे १७० कोटी वर्षे काढण्यात आले आहे. पृथ्वीवर तेव्हा प्राणी नव्हते, झाडे नव्हती.

पुढे भूकवचाच्या हालचालींत हे सारे थर दाबले गेले, दुमडले गेले आणि जवळजवळ उभे झाले. खडकाबरोबर धातुकही चिरडले जाऊन फटींतून सरकले आणि ठिकठिकाणी शिरांच्या आणि भिंगांच्या आकारात गोळा झाले. म्हणूनच जावरचे प्राचीन खाणकाम आडव्या थरांत पसरलेले दिसत नाही. ते उभ्या चिरांच्या मागोमाग खोल उतरत जाते. येथील मुख्य खनिजे तीन. जस्त देणारे स्फॅलेराइट, शिसे देणारे गॅलेना आणि लोहाचे पायराइट. गॅलेनाबरोबर थोडी चांदीही येते. या चांदीनेच माणसाला प्रथम या डोंगरांकडे ओढले असावे, असे बहुतेक संशोधक मानतात.

डोंगराच्या पोटातले खनिज वरून ओळखायचे कसे? सल्फाइडांना हवापाण्याचा स्पर्श झाला की त्यातील लोह गंजते आणि माथ्यावर तांबूस-तपकिरी, सच्छिद्र खडकाची टोपी तयार होते. प्राचीन खाणवाल्यांची नजर अशा टोप्या हेरण्यात तयार झालेली होती. ती किती अचूक होती याचा दाखला विसाव्या शतकाने दिला. आधुनिक भूवैज्ञानिकांनी येथे नव्याने शोध सुरू केला तेव्हा त्यांना वाट दाखवली ती या जुन्या खाणींनीच.

आग लावून फोडलेला खडक

जावरच्या खाणींत लाकडी शिड्यांचे आणि आधाराच्या खांबांचे अवशेष सापडले. किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने त्यांचे काळ ठरविण्यात आले. त्यांतील सर्वांत जुने इ. स. पूर्व पाचव्या-चौथ्या शतकाच्या आसपासचे आहेत. म्हणजे मौर्य साम्राज्य उभे राहत होते त्या सुमारास किंवा त्याही आधी येथे माणसे जमिनीखाली उतरत होती.

सुरुंगाची दारू नसताना एवढा कठीण खडक फोडायचा कसा? त्याचे उत्तर दालनांच्या भिंतींवरच आहे. भिंती टोकदार, ओबडधोबड नाहीत. त्या गुळगुळीत आणि वाटोळ्या आहेत आणि खाली राख व कोळसा साठलेला आहे. खडकाला भिडवून लाकडे रचायची, ती पेटवून द्यायची आणि तापलेला खडक तडकून त्याचे पापुद्रे सुटू लागले, की लोखंडी छिन्नी-हातोड्याने ते पाडायचे, अशी ही पद्धत होती. प्राचीन जगात ती सर्वत्र वापरात होती. बंदिस्त भुयारात पेटवलेली ही आग, तिचा धूर आणि सल्फाइड तापल्यावर सुटणारा गंधकाचा जळजळीत वायू यांची नुसती कल्पना केली, तरी तेथे काम करणाऱ्या माणसांच्या जिण्याचा अंदाज येतो. त्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

राजघराण्याची नावे मात्र आहेत. राणा लाखा याच्या कारकिर्दीत, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस व पंधराव्याच्या आरंभी, जावरच्या खाणींना ऊर्जितावस्था आली, अशी मेवाडची परंपरा सांगते. राणा कुंभाची कन्या रमाबाई हिने १४९७ साली येथे विष्णुमंदिर आणि कुंड बांधले. जुन्या जावरमध्ये जैन मंदिरांचे अवशेषही विखुरलेले आहेत. डोंगराच्या कुशीतल्या एका आडगावात एवढी देवळे कशी, हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर खाणींतून आणि भट्ट्यांतून येणाऱ्या पैशात आहे.

उलट्या टांगलेल्या वांग्यांचे रहस्य

आता मुख्य मुद्द्याकडे. जस्त काढणे इतके अवघड का?

तांबे किंवा लोखंड मिळवायचे, तर धातुक कोळशाबरोबर तापवायचे. धातू भट्टीच्या तळाशी गोळा होतो. जस्ताच्या बाबतीत निसर्गाने एक खोडी करून ठेवली आहे. जस्ताच्या ऑक्साइडमधून धातू सुटा होण्यासाठी सुमारे १,००० अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक तापमान लागते. जस्त स्वतः मात्र ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे धातू तयार होतो त्याच क्षणी त्याची वाफ झालेली असते. ही वाफ भट्टीतल्या हवेला भेटली, की पुन्हा ऑक्साइड बनून पांढऱ्या धुराच्या रूपाने निघून जाते. भट्टी थंड झाल्यावर तळाशी पाहावे तर काहीच नाही! म्हणूनच जगभरचे लोक शेकडो वर्षे पितळ वापरत होते, पण जस्त हा स्वतंत्र धातू त्यांच्या हाती आला नव्हता. ते तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा एका बंद मुशीत तापवत. वाफ तांब्यातच शोषली जाई आणि पितळ तयार होई. या रीतीने तांब्यात जस्ताचे प्रमाण साधारण शेकडा २८च्या पुढे नेता येत नाही.

जावरच्या कारागिरांनी यावर काढलेली तोड कौतुकास्पद आहे. त्यांनी वाफेला वर जाऊच दिले नाही.

सर्वप्रथम धातुक भाजून त्यातील गंधक घालवला जाई. मग त्यात कोळसा, मीठ वगैरे मिसळून गोळ्या करत आणि त्या लांबट वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भरत. मुशीच्या तोंडाला मातीची निमुळती नळी जोडून सांधा लिंपून घेत. नंतर ती मूस चक्क उलटी, तोंड खाली करून भट्टीत ठेवत. आतल्या गोळ्या खाली घसरू नयेत म्हणून मध्ये एक काडी खोचलेली असे. तापल्यावर गोळ्या एकमेकींना चिकटून घट्ट बसत, काडी जळून जाई आणि तिच्या जागी वाफ बाहेर पडण्यासाठी आयती वाट तयार होई. इतक्या क्षुल्लक काडीचा इतका नेमका उपयोग पाहिला, की त्यामागे किती फसलेले प्रयत्न असतील याची कल्पना येते.

भट्टी दोन मजली असे. वरच्या कोठीत आग, खालची कोठी थंड. मधल्या मातीच्या जाड जाळीला भोके असत. त्यांतून मुशींच्या नळ्या खाली उतरत. एका भट्टीत सहा ओळींत सहा, अशा ३६ मुशी बसत. वर ११०० अंशांच्या वर उष्णता देऊन काही तास भट्टी चालली, की मुशींत तयार झालेली जस्ताची वाफ दुसरीकडे कुठे जाणार? ती नळीतून खाली येई, थंड कोठीत तिचा द्रव होई आणि खाली ठेवलेल्या भांड्यांत थेंब थेंब पडे. अशा सात भट्ट्यांची एक रांग उत्खननात मिळाली आहे. सातही एकदम चालवल्या, तर एका वेळी २५२ मुशी लागत. काम झाल्यावर मुशी फेकून देत. आतला जळका ऐवज तसाच ठेवून टाकलेल्या त्या मुशींचेच आज डोंगर झाले आहेत.

हे सारे ज्ञान केवळ कारागिरांच्या हातात होते असेही नाही. तेराव्या-चौदाव्या शतकातील ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात ‘वृंताक मूषा’ वर्णिलेली आहे. वृंताक म्हणजे वांगे. ‘रसक’ या खनिजापासून कथलासारखे दिसणारे सत्त्व अशा मुशीतून खाली उतरवण्याची कृतीही तेथे दिली आहे. रसायनशास्त्राच्या पोथीतला प्रयोग आणि डोंगरातला कारखाना यांचा इतका नेमका मेळ आपल्याकडे फार क्वचित आढळतो. मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन बाराव्या-तेराव्या शतकापासून चालू होते, असे जावरच्या ढिगाऱ्यांवरून दिसते.

युरोपला ही किमया साधली ती बरीच नंतर. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ साली जस्त काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याच्या भट्टीतही वाफ खालच्याच दिशेने नळीवाटे उतरत असे. चीनमध्येही जस्ताचे मोठे उत्पादन होत होते. परंतु तेथील रीतीत वाफ भांड्याच्या वरच्या भागात थंड केली जाई. त्यामुळे चॅम्पियनची कल्पना जावरहून गेली असावी, असे अनेकांना वाटते. आपल्यालाही तसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तसा लेखी पुरावा नाही, आणि खाली उतरणारे ऊर्ध्वपातन युरोपातील किमयागारांना आधीपासून ठाऊक होते. तेव्हा साम्य आश्चर्यकारक आहे, इतकेच म्हणून थांबणे बरे.

मराठी फौजा आणि मेवाड

जावर का उजाड झाले? कर्नल जेम्स टॉड हा १८१८ ते १८२२ या काळात मेवाडमध्ये कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. राजस्थानच्या इतिहासावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने विक्रम संवत १८१६, म्हणजे सुमारे इ. स. १७५९ सालचे, जावरच्या खाणींचे उत्पन्न २ लाख २२ हजार रुपये असे नोंदवले आहे. (सुरुवातीला म्हटलेला गल्लतीचा बळी तो हाच. त्याने येथील धातूला कथील म्हटले!) त्याच्या काळापर्यंत या खाणी बंद पडून पाण्याने भरल्या होत्या. मेवाडच्या या विपत्तीचे खापर टॉड मुख्यतः मराठ्यांवर फोडतो.

त्यात तथ्य किती? घटना नाकारण्याजोग्या नाहीत. १७३६ साली थोरले बाजीराव उदयपूरला गेले आणि महाराण्याने वार्षिक खंडणी कबूल केली. पुढे मेवाडच्या गादीचा वाद पेटला, तेव्हा १७६९मध्ये महादजी शिंदे यांनी उदयपूरला वेढा घातला. तो उठवण्यासाठी साडेत्रेसष्ट लाखांचा करार झाला. रोख रकमेत तो भागला नाही, म्हणून जावद, जीरण, नीमच आणि मोरवण हे परगणे गहाण पडले. (हे ‘जावद’ आणि आपले ‘जावर’ ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. नामसाधर्म्यामुळे काही ठिकाणी घोटाळा झालेला दिसतो.) त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत शिंदे आणि होळकर यांच्या फौजा, त्यांचे बंडखोर सरदार, अमीरखान आणि पेंढारी यांची मेवाडात ये-जा चालूच राहिली. गावे ओस पडली, शेते पडीक झाली.

असे असले तरी टॉडचा शब्द जसाच्या तसा उचलणेही योग्य नव्हे. मराठ्यांच्या हातून राजपुतांची सुटका करणारे आम्हीच, हे दाखवणे कंपनीच्या सोयीचे होते आणि राजपुतांविषयी टॉडला कमालीचे ममत्व होते. चुंडावत आणि शक्तावत या मेवाडी सरदारांमधील हाडवैरानेही राज्य आतून पोखरलेले होते. शिवाय अठराव्या शतकात चिनी जस्त इंग्रज व डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून भारताच्या बंदरांत येऊ लागले होते. आडरानातल्या भट्टीत तयार होऊन बैलांच्या पाठीवरून येणाऱ्या जस्ताला त्याच्याशी टक्कर देणे सोपे नव्हते.

अखेरचा घाव घातला तो १८१२-१३च्या दुष्काळाने. आधीच विरळ झालेली वस्ती उठली, भट्ट्या थंड झाल्या. सुबत्तेच्या काळात असे संकट आले असते, तर दोन पावसाळ्यांनंतर माणसे परतली असती. तिजोरी रिकामी, रस्ते असुरक्षित आणि बाजार परक्या मालाने व्यापलेला, अशा स्थितीत परतायचे कशासाठी? या स्थितीतला आपला वाटा मान्य करायला हवा, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. अटकेपार गेलेल्या घोड्यांच्या टापांचे कौतुक आपण करतो. त्या टापांच्या वाटेत कोणाची शेते आणि कोणाच्या भट्ट्या होत्या, याची चौकशी आपल्याकडे फारशी होत नाही.

खाण बुजली तरी धातू जागेवरच राहतो. हातातले कसब मात्र तसे थांबत नाही. काडी किती जाड हवी, मुशीची माती कुठली, आगीचा रंग कसा झाला म्हणजे आंच पुरे, हे सारे बापाकडून मुलाकडे जात होते. १८५०मध्ये कॅप्टन ब्रुक याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जावरच्या जस्ताच्या खाणींवर टिपण लिहिले, तेव्हा त्या रीतीच्या केवळ आठवणी उरल्या होत्या. भट्टी पेटवणारे कोणी नव्हते.

जपानला गेलेला दगड

जावरला पुन्हा जाग आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. युद्धासाठी शिशा-जस्ताची निकड भासू लागली आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने या डोंगरांचा नव्याने तपास सुरू केला. पुढे मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या कंपनीने येथे खाणकाम हाती घेतले. त्या वेळी देशात जस्त गाळण्याचा एकही कारखाना नव्हता. ज्या गावाने हा धातू काढण्याची रीत प्रथम मोठ्या प्रमाणावर बसवली, त्याच गावचे शुद्ध केलेले धातुक गाळण्यासाठी जपानला पाठवावे लागे! सरकारने हा उद्योग ताब्यात घेऊन १० जानेवारी १९६६ रोजी हिंदुस्तान झिंक ही कंपनी स्थापन केली. १९६८मध्ये उदयपूरजवळ देबारी येथे जस्ताचा कारखाना सुरू झाला. २००२मध्ये कंपनीची सूत्रे खासगी हातांत गेली. जावरच्या खाणी आजही चालू आहेत; पण आता त्या जुन्या बोगद्यांच्या पुष्कळ खाली, यंत्रांच्या साहाय्याने चालतात.

मुशींच्या ढिगाऱ्यांचे कोडे पूर्णपणे सुटले ते १९८३मध्ये. ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून येथे उत्खनन केले. पॉल क्रॅडॉक, के. टी. एम. हेगडे, एल. के. गुर्जर, लिन विलीज आदींच्या या पथकाला मातीखाली गाडलेली भट्ट्यांची ती रांग मिळाली. काही मुशी होत्या तशाच जागेवर होत्या. तोवर वांग्याच्या आकाराची मूस म्हणजे पोथीतली एक उपमा होती. १९८८मध्ये अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञांच्या एएसएम इंटरनॅशनल या संस्थेने जावरला धातुविद्येच्या इतिहासातील महत्त्वाच्या स्थळाचा मान दिला.

उदयपूरला जाणारे मराठी पर्यटक पुष्कळ. पिछोला तलाव, सिटी पॅलेस, हळदीघाट आणि नाथद्वारा हा त्यांचा ठरलेला मार्ग. जावर त्यांच्या यादीत नसते. जुन्या खाणींत उतरणे धोक्याचे आहे आणि बराचसा भाग खाण क्षेत्रात येतो, हे खरे. पण रमाबाईच्या मंदिराकडे जाताना वाटेवरच त्या भिंती आहेत. त्यांतली एखादी फुटलेली मूस न्याहाळली, तर तिच्या आत जळक्या गोळ्यांचा राखाडी गठ्ठा आणि त्याच्या मध्यभागी काडीएवढे एक सरळ भोक दिसते.